डबा नंबर दोन

आमच्या विज्ञानाच्या सरांना विज्ञान आवडत नव्हतं, विज्ञान प्रदर्शन आवडायचं. या दोहोंतला फरक मला नववीत कळला. नवरात्र बसायला आठवडा होता. सर वर्गात आले, फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘सांडपाणी : शाप नव्हे, वरदान’ असं लिहिलं आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, “हे तू करजो.” म्हणजे नाव आधी ठरलं, प्रयोग मागाहून ठरायचा होता.

“पण सर, वरदान नाई निंगालं तं?” मी विचारलं.

“निंगते. मागच्या साली ज्वालामुखी केला, तालुक्यातच अडकलो. या साली जिल्ह्याले जायचं हाय, समजलं?”

जिल्ह्याला मलाही जायचं होतं, खोटं कशाला बोलू? आमच्या शाळेतून वर्ध्याच्या प्रदर्शनात मुलगी कधी गेलीच नव्हती. पोरं मॉडेल घेऊन जायची, आम्ही पाहुण्यांच्या स्वागताला रांगोळ्या काढायच्या आणि आरतीचं ताट धरून उभं राहायचं. ते ताट धरून धरून माझं डोकं फिरलं होतं.

प्रयोग मीच ठरवला. मिठाईचे दोन प्लास्टिकचे डबे, दोन्हींत सारखी काळी माती, प्रत्येकात गव्हाचे चाळीस दाणे. डबा नंबर एकला नळाचं पाणी, डबा नंबर दोनला कपडे धुतल्यावर उरलेलं साबणाचं पाणी. वहीत चार रकाने आखले : दिनांक, डबा, संख्या, शेरा. आता एवढं झाल्यावर फक्त ऊन हवं होतं, आणि आमच्या अंगणात तेच नव्हतं. शेजाऱ्यांनी स्लॅबवर दुसरा मजला चढवल्यापासून आमच्याकडे दिवसभर सावली.

ऊन होतं मोठ्या आईच्या अंगणात. मोठी आई म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको. घर एकच होतं, मधोमध कमरेएवढी भिंत घालून त्याची दोन केली होती. नळाचं पाणी आधी कोणी भरायचं यावरून तिचं आणि माझ्या आईचं वाजलं होतं आणि त्यानंतर दोघींनी एकमेकींशी बोलणं टाकलं होतं. तिच्याशी माझं तर मुळातच पटत नव्हतं. ती मला ‘तोंडाळ पोट्टी’ म्हणायची आणि मी तिला मनातल्या मनात जे म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण गरज सरो वैद्य मरो म्हणतात तसं, गरज सरेपर्यंत तरी वैद्य लागतोच. घटस्थापनेच्या दिवशी आईची नजर चुकवून मी दोन्ही डबे तिच्या अंगणात नेऊन ठेवले.

“काय हाय हे?” मोठ्या आईनं विचारलं.

“शाळेचं हाय. हात नोको लावजो.”

“घटाच्या दिवशी माह्या अंगणात गहू पेरून राह्यली आन् मलेच म्हणते हात नोको लावजो!” ती म्हणाली. पण डबे राहू दिले.

तिसऱ्या दिवशी मला ताप भरला. डेंगू निघाला. वर्ध्याच्या दवाखान्यात सलाईन लावून मी आठवडाभर पडून होते आणि त्या तापातही मला डब्यांचीच काळजी होती. शेवटी बाबांच्या हातून वही मोठ्या आईकडे पाठवली आणि निरोप दिला की रोज ज्याचं त्याचं पाणी घाल आणि मोजून लिहून ठेव. बाबा दोन्ही घरांत जाऊ शकत होते, तेवढा एक पूल शिल्लक होता. मोठी आई सातवी शिकलेली. अक्षर देखणं होतं तिचं आणि त्याचा तिला तोरा होता.

मी घरी आले तेव्हा दसरा होऊन गेला होता. भिंतीवरून तिनं वही माझ्या हातात दिली.

“डबे कुठी हायत?” मी विचारलं.

“घटासंग उठवले. घट उठल्यावर उगवलेलं धन ठेवत असतेत काय घरात? कोंब नदीत सोडले, माती तुयशीत टाकली.”

माझा प्रयोग हिनं घटाबरोबर विसर्जित केला होता! मी भिंतीवर हात आपटला, रडले, नाही नाही ते बोलले. तिनं दार लावून घेतलं. सर मात्र शांत होते. म्हणाले, “वही हाय नं? मंग काऊन रडून राह्यली?”

वहीत सगळं होतं. पाचव्या दिवशी डबा एक, उगवले बावीस. डबा दोन, उगवले पंधरा. त्यानंतर डबा एक, दोन वाढले. डबा दोन, सात वाढले. पुन्हा डबा दोन, आठ वाढले. मी बेरीज केली. नळाच्या पाण्यावर चोवीस रोपं, साबणाच्या पाण्यावर तीस. सरांनी माझी पाठ थोपटली. वरदान सिद्ध झालं होतं.

हिंगणघाटला तालुक्याच्या प्रदर्शनात आमचा पहिला नंबर आला. सरांनी माझ्या शेजारी उभं राहून फोटो काढले, मग मला बाजूला करून प्रकल्पाबरोबर एकट्याचे काढले आणि तेच स्टेटसला ठेवले. गावात पेढे वाटले. मोठ्या आईनं भिंतीपलीकडून विचारलं, “माह्यं नाव टाकलं काय त्याच्यात? वही मी लिहिली म्हणून?”

“त्याच्यात विद्यार्थ्याचं नाव असते,” मी म्हणाले, “आन् मार्गदर्शकाचं.”

“सर गेलते काय मोजाले?”

मी घरात निघून गेले. तिला नाव देण्यापेक्षा मी प्रकल्प जाळला असता.

जिल्ह्याला जायच्या आदल्या दिवशी सरांनी नवा फ्लेक्स छापून पाठवला. त्यावर मोठे दोन खांब काढलेले, निळा चोवीसचा, हिरवा तीसचा. मी तो अंगणात दाराशी टेकवून बघत होते. भिंतीपलीकडे मोठी आई वाळवण उचलायला आली, वाकून वाचू लागली आणि वाचता वाचता तिचा चेहरा बदलला.

“हे तीस कुठून आणले वो?”

“तूच लिहिलं. पंधरा उगवले, मंग सात वाढले, मंग आठ वाढले.”

“अवो, वाढले म्हणजे मोडले! साबणाच्या डब्यातले सारे गेले. एक नाई राह्यला.”

मी बोटांवर मोजलं. पंधरातून सात गेले, उरलेले आठही गेले, आणि ज्या डब्यावर मी हिरवा खांब उभा केला होता तो डबा रिकामा होता हे कळलं.

“मंग मोडले काऊन नाई लिहिलं?” मी ओरडले.

“घटाच्या दिवसात, अंगणातल्या कोंबाले, मोडले लिहू? बांगडीले काय म्हणतं तू? फुटली म्हणतं? वाढली म्हणतेत नं? नारळ फोडला म्हणतेत का वाढवला? मायनं एवढंही नाई शिकवलं!”

आता सांगायला हरकत नाही, ही पद्धत मला माहीत होती. आईची बांगडी फुटली की तीही ‘वाढली’च म्हणायची. सवाष्णीच्या तोंडी फुटणं, मोडणं, विझणं येऊ नये म्हणून आपल्याकडे असले उलटे शब्द वापरतात. पण विज्ञानाच्या वहीत ते येतील असं मला का वाटावं? आणि आईचं नाव मध्ये आलं तेव्हा माझी खात्रीच पटली की या बाईनं हे मुद्दाम केलं, आमच्या घराचं बरं झालेलं हिला कधी बघवलं नाही. मी तिला तसं तोंडावर सांगितलं. तिनं वाळवणाचं सूप कमरेवर घेतलं आणि म्हणाली, “उद्या येतोच मी वर्ध्याले. पाह्यतो तू काय सांगतं लोकाईले.”

मी सरांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, “वाढले म्हणजे वाढले. शब्दकोशात पाह्य. गप राह्य आन् सकाळी सात वाजता स्टँडवर ये.”

मी गप राहिले आणि सात वाजता स्टँडवर गेले.

वर्ध्याच्या त्या शाळेच्या सभागृहात आमचं टेबल खिडकीजवळ होतं. आजूबाजूला पवनचक्क्या गरगरत होत्या, कुणाचा रोबो टेबलावरून पडत होता. मी पाठ केलेलं भाषण सात-आठ वेळा म्हणून झालं होतं आणि प्रत्येक वेळी ‘तीस’ मी घाईनं उरकत होते. दुपारी मोठी आई आली. एकटी, एसटीनं, ठेवणीतली हिरवी साडी नेसून. ती टेबलापासून चार हात दूर थांबली आणि टेबलावर उघड्या ठेवलेल्या वहीकडे बघत राहिली. काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघितली. तिनं नुसता पदर नीट केला. त्यानं माझा राग आणखीच वाढला.

मग परीक्षक आल्या. कुठल्याशा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या, बारीक चणीच्या बाई. त्यांनी फ्लेक्सकडे बघितलंही नाही. सरळ वही उचलली.

“साबणाच्या पाण्यावर जास्त रोपं आली?” त्यांनी विचारलं. “नवलच आहे. नोंदी कोणी केल्या?”

इथे मला दोन वाटा होत्या. तीस खरे म्हणून ठामपणे सांगायचं, किंवा काल कळलेलं सांगायचं. मोठी आई समोर उभी होती, त्यामुळे पहिली वाट बंद. दुसऱ्या वाटेनं जाताना मी माझ्यापुरती पळवाट काढली.

“मॅडम, मी दवाखान्यात होते,” मी म्हणाले. “या नोंदी आमच्या घरच्या एका बाईनं केल्या. तिला नीट लिहिता येत नाही. तिनं चुकीचं लिहिलं म्हणून आकडे चुकले.”

शेजारून सर लगेच म्हणाले, “मी हिले आधीच सांगतलं होतं जी, नोंदी तपासून घे म्हणून.” इतक्या सहज म्हणाले की मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

बाईंनी चष्मा सारखा केला आणि शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. मी आकड्यांची बेरीज केली होती. शेरे वाचलेच नव्हते. बाई मोठ्यानं वाचू लागल्या.

“‘डबा दोन. माती वरून कडक झाली, पाणी जिरत नाही. कोंब बुडातून पिवळे पडून सात वाढले.’ पुढं, ‘मुळं बुळबुळीत, वास येतो. राहिलेले आठही वाढले. डबा रिकामा. डबा एक हिरवागार, ऊन फिरलं तसा सरकवला.’” त्यांनी मान वर केली. “पिवळं पडून कोणी वाढतं का गं? आणि डबा रिकामा, असं स्वच्छ लिहिलंय. इथं इतक्या वह्या बघितल्या, एवढं बारीक निरीक्षण एकाही वहीत नाही. कोण आहेत या बाई?”

मी फ्लेक्स सरळ करू लागले. मोठी आई पुढे आली. बाईंच्या हातातून तिनं वही घेतली, पदराला पुसली आणि काखेत धरली.

“मी हाय जी,” ती म्हणाली. “मले लिहिता येते. हिले वाचता येत नाई.”

आणि ती वही घेऊन निघून गेली. वहीशिवाय प्रकल्पाला अर्थ नव्हता. बाईंनी गुणांच्या कागदावर एक आडवी रेघ मारली आणि त्या पवनचक्कीकडे वळल्या. सर चहा प्यायला गेले ते परत आलेच नाहीत.

संध्याकाळी एकाच गाडीत आम्ही दोघी होतो. ती पुढे, मी मागे. तिनं वळून बघितलं नाही. मी आता वर्ध्यात बीएस्सी करते. प्रयोगवहीतला शेरा मी सगळ्यात आधी वाचते आणि माझे मास्तर त्याचं कौतुक करतात. सुट्टीत घरी गेले की त्या भिंतीवरून मला तिचं अंगण दिसतं, ती दिसते, आणि मी मान फिरवते. खोटं बोलली असती तर मी तिला केव्हाच माफ केलं असतं. ती खरं बोलली, चार लोकांत बोलली, आणि ते मला अजून सहन होत नाही.