नवरीचा झगा आणि माझी कंबर

माझ्या लग्नातला बायकोचा झगा तिच्याआधी मी घातला होता. हे एवढं वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. आता लिहिलंच आहे, तर सगळं क्रमाने सांगतो.

आमची पानवेलीची वाडी होती. आमच्या ख्रिस्ती घरांत नवरीचे चर्चमधले कपडे नवऱ्याकडून जातात. आईच्या पिढीने लाल लुगड्यात लग्नं केली, पण आमच्या वेळेपर्यंत शिकलेल्या मुली पांढऱ्या झग्यात उभ्या राहू लागल्या होत्या. माझी होणारी बायको निर्मळ गावची, आणि शाळेत शिकवणारी. म्हणून चर्चसाठी झगा, आणि पुढे शाळेत जायला एक स्कर्ट आणि ब्लाउज, असं ठरलं. नवरीने स्वतः दुकानात जाऊन कपडे अंगाला लावून बघणं मात्र शोभणारं नव्हतं. तिच्या आईने माप पाठवलं.

माप आलं ते केळीच्या सोपटावर. केळीच्या खोडाची साल उभी फाडून वाळवली की जी दोरी होते, तिला आम्ही सोपट म्हणतो. वाडीवाल्यांच्या घरात सगळं त्यानेच बांधतात आणि प्रसंगी मापतातही. दोन सोपटं होती, एक उंचीचं आणि एक कंबरेचं, दोन्हींना नीट गाठी. आईने ती पडवीतल्या खुंटीला अडकवली. दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी त्याच सोपटांनी पानांची करंडी बांधली आणि स्टेशनवर पोचवली. आमची पानं तेव्हा रेल्वेने पार उत्तरेकडे जायची. माझ्या होणाऱ्या बायकोची उंची आणि कंबरही त्यांच्याबरोबर गेली.

आई वडिलांना पुष्कळ बोलली. वडिलांचं म्हणणं एवढंच होतं की खुंटीवरचं सोपट करंडी बांधायला नाही तर कशाला असतं. पुन्हा माप मागायला जाणं अशक्य होतं. ज्यांना मुलीचं माप सांभाळता आलं नाही त्यांच्याकडे मुलगी कशी पाठवायची, असं कोणीही म्हणालं असतं. शेवटी आईने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि ठरवून टाकलं की मुलगी माझ्यासारखीच आहे, उंच आणि सडपातळ. तिने मुलीला एकदाच पाहिलं होतं, तेही बाकावर बसलेली.

मला ठाऊक होतं की ती उंच नाही. ती माझ्या हनुवटीपर्यंत येते, आणि तिची कंबर माझ्या काटकुळ्या कंबरेपेक्षा चांगली चार बोटं भरते. हे मला ठाऊक असण्याचं काहीच कारण नव्हतं, आणि सगळी अडचण तिथेच होती.

लग्न ठरवलं मध्यस्थाने, पण मध्यस्थाच्या कानावर ते घर घातलं मी. त्याआधी कितीतरी सकाळी मी करंडी स्टेशनवर नेताना तिला सायकलवरून शाळेच्या वळणापर्यंत सोडत होतो. आईची ठाम समजूत होती की ही मुलगी तिने स्वतः शोधली आहे. माझ्या चुलत भावाचं ठरलेलं लग्न आईनेच मोडायला लावलं होतं, कारण तो मुलीला निर्मळच्या जत्रेत परस्पर भेटला होता. माझं कळलं असतं तर माझंही मोडलं असतं, आणि बोल लागला असता तिला. कुमसाराला, म्हणजे पाद्रीबाबांपुढे पापं कबूल करायला, मी दर महिन्याला जायचो. तिथेही ही सायकल मी कधी काढली नाही. ती दहा आज्ञांपैकी कुठल्या आज्ञेखाली मोडते तेच मला ठरवता येत नव्हतं.

अशा मनाने मी आईबरोबर वसईच्या बाजारातल्या दुकानात शिरलो. मुंबईहून तयार कपडे आणून विकणारं ते एकच दुकान होतं. शेठने आधीच सांगितलं की नेलेला माल परत घेतला जात नाही, तेव्हा घालून बघायचं ते इथेच. मुलगी कुठे आहे असं त्याने विचारलं. आईने माझ्याकडे बोट दाखवलं. शेठने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मिशीकडे पाहिलं. लग्नासाठी म्हणून ती मी नुकतीच राखली होती. त्याने स्कर्टांचा गठ्ठा पुढे केला. धंदा करणारा माणूस होता.

कपडे बदलायला खोली नव्हती. कापडाच्या ताग्यांमागे एक पडदा होता. पहिला निळा, चुण्यांचा स्कर्ट मी पँट काढून चढवला आणि हुक पुढे घेऊन बाहेर आलो. शेठने शांतपणे सांगितलं की हुक डाव्या बाजूला येतो. मी स्कर्ट अंगावरच फिरवला. आईने मला मागे वळायला लावलं, चालायला लावलं, मग खाली बसायला लावलं, कारण मास्तरणीला खुर्चीवर बसावं लागतं. बसलो तर चुण्या अशा पसरल्या की मीच थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिलो. खोटं कशाला सांगू, पायांना वारा लागतो तो बरा वाटला. ब्लाउजचे फुगे माझ्या खांद्यांवर मात्र रागावल्यासारखे उभे राहिले.

मग झगा. पांढरा, सॅटिनचा, कोपरापर्यंत बाह्या आणि खाली माझे वाडीत काळवंडलेले हात. पाठीमागची बटणं आईने लावली. तो मला असा बसला की जणू माझ्यासाठीच शिवला होता. आईचे डोळे भरून आले. हाच घ्यायचा, ती म्हणाली. जो मला बसला तो तिला बसणार नव्हता. लांबीत पाय अडकून ती चर्चमध्ये पडली असती, आणि कंबरेची बटणं तर लागलीच नसती. आणि ते सगळ्या गावासमोर.

त्याच वेळी पाचूबंदरची एक कोळीण दुकानात आली. ती आमच्या आणि निर्मळच्या आळीत मासे विकायला यायची, आईची ओळखीची. मुलीसाठी फ्रॉक बघायला आली होती. तिने रिकामी पाटी दाराशी ठेवली आणि मला पाहून तिथेच टेकली.

"बाय, नवरी लय गुनाची दिसते," ती आईला म्हणाली. "पन मिशी काढून द्या हां, पाद्री पोलीस बोलावंल."

आईने हसत तिला सोपटाची सगळी गोष्ट सांगितली आणि मुलगी कोणाची तेही सांगितलं. कोळिणीने माझ्याकडे नीट पाहिलं. निर्मळच्या रस्त्यावर सकाळी तिची पाटी चुकवताना मी कितीतरी वेळा घंटी वाजवली होती.

"ती मास्तरीन?" ती सावकाश म्हणाली. "ती कुठं एवढी उंच? हा तिला रोज... म्हंजे, मी आपली पाटी घेऊन जाते ना, बघते येता-जाता."

तिने फ्रॉकच्या ढिगात डोकं घातलं. पण आई आता माझ्याकडे बघत होती आणि शेठ झगा कागदात बांधायला हात पुढे करत होता. तो हात पाहून माझं ठरलं. मी म्हणालो, "हा नको. ती माझ्या हनुवटीपर्यंत आहे, आणि कंबरेत माझ्यापेक्षा चार बोटं जास्त."

आईने विचारलं, तुला कसं माहीत. सॅटिनच्या झग्यात उभा राहून माणसाला खोटं सुचत नाही. सायकलवरून सोडत होतो, मी सांगितलं. ठरायच्या आधीपासून.

"मी बोललू नाय हां," ढिगातून आवाज आला.

आई बराच वेळ माझ्या गळ्याजवळच्या लेसकडे बघत होती. मला वाटलं, संपलं. मग तिने विचारलं, "सायकलला मागे कॅरिअर होता ना?"

"होता."

"मग तिची कंबर कळेल अशी पुढे का बसवलीस?"

"मागे पानांची करंडी असायची."

हे अगदी खरं होतं. आईचा चेहरा कसनुसा झाला. ओठ घट्ट मिटून ती शेठकडे वळली आणि दुसरा झगा काढायला सांगितला. मला म्हणाली, "गुडघे वाकव. हनुवटीएवढा हो." मी वाकलो. तसाच, गुडघ्यांत वाकून, मी पुढचे तीन झगे घातले. तरी कंबरेचा प्रश्न उरलाच. आईने मला सायकलचं हँडल धरल्यासारखे हात पुढे करायला लावले आणि मुलगी मध्ये बसल्यावर हातांत किती जागा भरायची ते विचारलं. मी डोळे मिटले आणि हात जवळ आणले. शेठने त्या रिकाम्या जागेत टेप धरली, आकडा वाचला आणि कपाटातून नेमका झगा काढला. तोही मी गुडघे वाकवून घालून दाखवला. स्कर्टही त्याच मापाने बदलला. लग्न मोडणार की होणार, हे मला घरी पोचेपर्यंत कळलं नाही. घरी तिने कपड्यांचं पुडकं कपाटात ठेवलं आणि वडिलांना सांगितलं की खुंटीवरचं काहीही घ्या, कपाटाला हात लावू नका. लग्न होणार, हे मला तेव्हा कळलं.

लग्नाच्या दिवशी झगा तिला असा बसला की बायका बघत राहिल्या. फक्त तिची आई खूश नव्हती. चर्चच्या पायऱ्यांवर तिने मुलीच्या कंबरेशी बोट घालून पाहिलं. बोट जाईना. जपणाऱ्या आयांसारखी तिने सोपटाला गाठ मारताना दोन बोटं सैल ठेवली होती, आणि ती दोन बोटं आता कुठेच नव्हती. तिने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या आईकडे. मी बुटांकडे पाहिलं.

"सोपट पडवीत आणखी वाळलं असणार," माझी आई म्हणाली. "वाळलं की आखडतं."

वाडीतल्या बाईला हे पटण्यासारखं होतं. तिने मान हलवली.

माझी आई खोटं बोलत नसे. त्या आठवड्यात कुमसाराच्या रांगेत ती माझ्यापुढे उभी होती, आणि माझ्या पापाचं ओझं तिने उचललं म्हणून माझा जीव थोडा थोडा होत होता. ती आत गेली, जाळीशी टेकली, बराच वेळ बोलली. बाहेर येऊन बाकावर गुडघे टेकले आणि पदरात तोंड लपवलं. रडते आहे असं वाटून मी रांग सोडून तिच्याजवळ गेलो. तिचे खांदे हलत होते, पण पदरातून येत होतं ते दाबलेलं हसू. तिने पदरातूनच एक हात बाहेर काढला, हँडल धरल्यासारखा वाकवला, आणि पुन्हा आत घेतला.