ओटा अडवणाऱ्या मावशी

मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या की आत माशी शिरायची सोय नसे. दोन्ही हात चौकटीला, पदर खोचलेला, आणि चेहऱ्यावर असा भाव की आधी मला उचला, मग ओट्याकडे जा. "आई, मागं फिरा. आदी हात नीट करायचा. मग त्या हातानं काय करायचं ते बगू." हे ज्या आईला सांगितलं जायचं, ती माझी आई. त्या ओट्यावर तिचं चाळीस वर्षं राज्य होतं. ती हिरमुसून सोफ्यावर जाऊन बसायची आणि मला म्हणायची, "ही बाई मला माझ्याच घरात पाहुणी करून ठेवणार आहे बघ."

या मावशी आमच्या नात्याच्या नव्हत्या, ब्युरोच्या होत्या. नवी मुंबईत घरात कुणी अंथरूण धरलं की लोक ब्युरोला फोन करतात आणि सकाळी आठच्या ठोक्याला एक मावशी दारात उभी राहते. आमच्या मावशी मूळच्या परभणीकडच्या. मुलगा पावणे एमआयडीसीत एका कारखान्यात होता, म्हणून तिथेच राहायच्या आणि डबा घेऊन बसने आमच्याकडे सीवूड्सला यायच्या. भीमजयंतीची सुट्टी महिनाभर आधीच सांगून ठेवायच्या, बाकी कधी खाडा नाही. आमच्याकडे त्या दोनदा आल्या. पहिल्यांदा बाबांना पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा, आणि दोन वर्षांनी आईला आला तेव्हा. आजार एकच, बाजूही दोघांची डावीच. पण एकाच घरात तो आजार किती वेगवेगळा असतो, हे मला मावशींनी दाखवलं. मी मात्र ते डोळे मिटून बघत होते.

बाबा बेलापूरच्या सरकारी ऑफिसातून रिटायर झालेले. आजारपणात त्यांनी कॉटचं टेबल केलं आणि आम्हाला शिपाई. "पाणी!" म्हटलं की आई धावायची. मावशींनी दुसऱ्याच दिवशी आईचा हात धरला. "काहून पळायलात? त्यांचा पाय नीट करायचाय का तुमचा मोडायचाय?" मग पाण्याचा तांब्या, चष्मा, टीव्हीचा रिमोट, सगळं त्यांनी बाबांच्या डाव्या अंगाला ठेवलं. पाहिजे तर वळा, नाहीतर बसा तहानलेले. एकदा बाबांनी चिडून ताट भिरकावलं. मावशी शांतपणे भात गोळा करत म्हणाल्या, "झकास फेकलं. पन उजव्या हातानं फेकलं. उद्या डाव्यानं फेका." बाबांना हसू फुटलं. झटक्यानंतरचं ते पहिलं हसू.

आठ महिने मावशी राहिल्या. आईसुद्धा बाबांच्या मागे सावलीसारखी. एक दिवस बाबा स्टेशनजवळच्या मॉलपर्यंत चालत जाऊन परत आले आणि आम्ही अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले. त्या आठ महिन्यांत आता मावशींची काय गरज, असं कुणाच्या मनातही आलं नाही. आई दमली असेल, हेही कुणाच्या मनात आलं नाही. माझ्या तर नाहीच नाही.

आईच्या वेळी सुरुवातच वेगळी झाली. सकाळी ती म्हणाली, "गळून गेल्यासारखं होतंय गं, हाताला मुंग्या येतायत." मी म्हटलं, ॲसिडिटी. बाबा म्हणाले, उपास कमी कर. तिला लिंबूपाणी दिलं आणि मी ऑफिसला निघून गेले. दुपारी तिच्या हातातून पातेलं सुटलं तेव्हा आमची धावपळ सुरू झाली. बाबांच्या वेळी तोंड वाकडं दिसताक्षणी मी रिक्षा आणली होती. मी स्वतःला शिकलेली, कमावती, पुढारलेली वगैरे समजते. असो.

मावशी आल्या, आईला बघून डोळे पुसले, आणि म्हणाल्या, "आता खरं अवघड काम हाय." मला वाटलं आजार जास्त आहे. तसं नव्हतं. त्यांचा एक सिद्धांत होता, कित्येक घरांत पेशंट सांभाळून तयार झालेला. "बाप्या रडतो, वरडतो, ताट फेकतो, पन त्याला बरं व्हायचं असतं. बाईला बरं व्हायचं नसतं ताई, बाईला कामाला लागायचं असतं. बाईमानूस एका हातानं घर चालवायला शिकतं आन् दुसरा हात इसरून जातं."

म्हणून त्यांच्याकडे दोघांसाठी दोन मापं होती. बाप्या कधी बरा? स्वतःचं ताट स्वतः घासून जागेवर ठेवील तेव्हा. आणि बाई कधी बरी? स्वतःची वेणी स्वतः घालील तेव्हा. वेणीला दोन्ही हात लागतात, तेही डोक्याच्या मागे. तिथे लपवाछपवी चालत नाही. आईचे केस अजूनही कमरेपर्यंत होते, आणि कुणी काय करायचंय विचारलं तर ती तेवढंच सांगायची, "माझी वेणी मला घालता येऊ दे." मावशींनी कंगव्याच्या दांड्याला जुन्या धडप्याची जाड गुंडाळी केली, म्हणजे मूठ धरेल. तो कंगवा डाव्या हातात देऊन रोज वर न्यायचा. पहिल्या महिन्यात छाती. दुसऱ्या महिन्यात खांदा. संध्याकाळचा अर्धा तास माझ्याकडे होता. ऑफिसातून आल्यावर आईचा हात धरून वर, खाली, वर, खाली. मी मोबाइल बघत करायचे. हात तिचा जड, वैताग माझा.

आईसुद्धा काही कमी नव्हती. मावशी जेवायला बसल्या की ती हळूच ओट्याशी जायची. एकदा कांदा कोपराने दाबून उजव्या हाताने चिरताना सापडली. "आई, चोरी करायलात!" मावशींनी सुरी काढून घेतली आणि मेथीची जुडी थेट बाबांपुढे ठेवली. "घ्या बाबा. तुमच्या बोटांना व्यायाम." बाबांनी त्या दिवशी ती अख्खी जुडी निवडली. प्रत्येक पान उलटसुलट करून, जणू त्यावर सही करायची होती. तासभर लागला. आई हसून हसून लोळली, पण पाच मिनिटांनी मला म्हणाली, "मला कसंतरी होतंय गं, ते काम करतायत आणि मी बसलेय." मावशी आतून ओरडल्या, "होऊ द्या कसंतरी! सवय होईल!"

मग तो चहाचा दिवस आला. मावशी खाली औषधं आणायला गेल्या होत्या. आईने एका हाताने चहा केला, आलं घालून, तिच्या पद्धतीचा. मी पहिला घोट घेतला आणि रडले. खरंच सांगते, अडीच महिन्यांत मला आईची इतकी आठवण आली नव्हती जितकी त्या घोटाला आली, आणि आई तर समोर उभी होती. बाबांनी व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला. "आई बरी झाली!" धडाधड हात जोडलेले, फुलं, टाळ्या. पेढे कुणी आणले नाहीत. गोड म्हणून शिरा केला, तोही आईनेच. आणि त्याच संध्याकाळी मी ब्युरोला फोन करून सांगितलं की उद्यापासून मावशी नकोत.

मावशी दारात थांबल्या. "ताई, अजून तीन महिने करा. हात खांद्यापर्यंत आलाय, आता सोडला तर तिथंच बसल." मी म्हटलं, "अहो, पण आईच म्हणतेय ना, बरी आहे म्हणून." आतून आईचा आवाज आला, "हो हो मावशी, मी आता अगदी बरी आहे." मावशींनी एकदा आत बघितलं, एकदा माझ्याकडे. डबा पिशवीत घातला आणि चपला घालून गेल्या.

पुढचं सांगायला लाज वाटते. संध्याकाळचा अर्धा तास आधी पंधरा मिनिटांचा झाला, मग रविवारचा, मग बंद. आई स्वयंपाक करत होती, सगळे जेवत होते, म्हणजे सगळं ठीक. सहा महिन्यांत तिचा खांदा धरला. हात खांद्यावरून छातीपाशी उतरला. तिची वेणी मी घालायचे, तीही घाईघाईत. एका सकाळी मीच म्हटलं, "आई, केस कापून टाकू या का? तुलाही सुटसुटीत." ती म्हणाली, "तुला सोयीचं होईल तसं कर." रागाने नाही, अगदी साधेपणाने म्हणाली. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले आणि बाहेर येऊन मावशींना फोन लावला.

त्या रविवारी मावशी आल्या. आईचा हात धरून वर नेला, तो मध्येच अडला. आई कळवळली. मावशींनी मला काही म्हटलं नाही. त्यांनी आईलाच विचारलं, "तुमाला ठावं होतं हात आला नाही. काहून खोटं बोलल्या त्या दिवशी?"

आईने उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "यांच्या वेळी मी आठ महिने उभी होते. मला कुणी म्हटलं नाही, बस जरा. ही ऑफिसातून यायची तेव्हा तिचा चेहरा बघवत नसे हो. म्हटलं, हिला तरी कुणीतरी म्हणावं, बस."

मावशींनी कपाळावर हात मारला. "धन्य हायेत! लेकीला बसवायला आईनं आपला हात घालवला!" आणि माझ्याकडे वळून, "किती वाजता येता घरी? सात? सात ते आठ आईंचा हात. कुकर बाबा लावतील. फोन तिकडं ठेवायचा."

त्यानंतर वर्षभर त्या दर रविवारी आल्या. बाकीचे सहा दिवस मी. बाबा कुकर लावायला शिकले, शिट्ट्या मोजताना अजून चुकतात. आईचा हात खांद्यावर परत आला, हळूहळू कानापर्यंत गेला आणि तिथे थांबला. मावशी खोटी आशा दाखवणाऱ्यांतल्या नव्हत्या. "आई, हिथून म्होरं नाई येनार. सुरुवातीचे दिवस गेले ना." आई म्हणाली, "पुष्कळ आलं." तिने केस कापले नाहीत. वेणी मी घालते.

मागच्या वर्षी मावशींचे गुडघे गेले आणि त्या कायमच्या गावी निघाल्या. शेवटच्या रविवारी मी त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले. मनात कधीपासून साठलेलं बोलून टाकलं, की मावशी, मी तुम्हाला तेव्हा काढायला नको होतं, चूक माझी.

"तुमचं नवल नाई ताई," त्या म्हणाल्या. "बाईचा पेशंट असला की चहा झाला की मला काढत्यात. सगळ्या घरांत. मला सवय हाय." बस येताना दिसली तशी त्यांनी पिशवी उचलली. "फकस्त तुमच्या घरी मला वाटलं होतं, हितं लेक हाय. हितं नाई काढनार."

एवढं बोलून त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि त्या बसमध्ये चढल्या. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.