रेसवाल्या तेप्पेईची रस्त्यावरची परीक्षा

तेप्पेई कात्सुमाता ताशी दोनशेच्या वर गाडी हाकायचा आणि बाजारातून तोफू आणायला सायकलवर जायचा. यात गोतेंबा गावात कुणाला काही विनोदी वाटत नसे, कारण कायदाच तसा. शर्यतीच्या मैदानात सोळाव्या वर्षी गाडी चालवता येते, रस्त्यावर मात्र अठरा पूर्ण व्हावी लागतात. मैदानात मेला तर आपला आपण मेला. रस्त्यावर मेला तर वाहतूक तुंबते.

त्याचे वडील, योशिनोबू कात्सुमाता, गावातल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सव्वीस वर्षं मास्तर. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. हा माणूस घराच्या पायरीवरून उतरतानाही उजवीकडे, डावीकडे आणि पुन्हा उजवीकडे बघायचा. पोराला आठव्या वर्षी कार्टमध्ये, म्हणजे शर्यतीच्या चिमुकल्या गाडीत बसवलं ते त्यांनीच. लहानपणापासून चाक हातात आलं की मोठेपणी मूल जपून चालवतं, असा त्यांचा सिद्धांत. सिद्धांताचे बारा वाजायला एक रविवार पुरला. तेप्पेईने पहिल्याच दिवशी चार मोठ्या मुलांना मागे टाकलं, आणि मास्तर कुंपणापाशी जाऊन म्हणाले, "तिसऱ्या वळणावर आरशात पाहिलं नाहीस."

"बाबा, कार्टला आरसाच नसतो."

"म्हणून काय बघायचं नाही?"

असा बाप असूनही पोरगा पुढे गेला. सोळाव्या वर्षी फॉर्म्युला फोरच्या गाडीत बसला. गावाने त्याचं पाठीराखे मंडळ काढलं, अध्यक्ष हात्सुए सेरिझावा, वय एक्याऐंशी, तोफूचं दुकान. गाडीच्या नाकावर "सेरिझावा तोफू" आणि कुशीवर "ओकी केशकर्तनालय" अशी नावं झळकायची. शर्यतीला मंडळ बसने यायचं, भाताचे गोळे खायचं, झेंडे हलवायचं, पण आरडाओरडा कुणी करायचं नाही, शेजारच्यांना त्रास नको. तेप्पेई जिंकला की हात्सुएआजी दोघीतिघींना घेऊन हरलेल्या पोराच्या आईकडे जायची आणि वाकून माफी मागून यायची. "आमच्या पोरामुळे तुम्हाला मेला किती मनस्ताप झाला." एकदा तर ती आई रडायलाच लागली. जिंकल्याचं दुःख कसं करावं हे आमच्या गावाकडून शिकावं.

तर अशा या तेप्पेईला पावसातल्या एका शर्यतीत उदागावा नावाच्या टीमवाल्याने पाहिलं. माणूस कमी बोलणारा. छत्रीतूनच म्हणाला, "नव्या हंगामात वरच्या वर्गात एक जागा आहे. तुझी. पण शर्यतीचा वरचा परवाना काढायला आधी रस्त्यावरचा साधा परवाना लागतो. मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी मी नावं पाठवतो. त्याआधी काढ. नाहीतर नागोयाचा एक पोरगा रांगेत उभाच आहे."

आठव्या वर्षापासून तेप्पेई ज्या जागेसाठी धावत होता ती ही. आणि मध्ये आडवी आली होती बापाची शाळा.

पोराला शिकवायला मास्तरांनी साफ नकार दिला, लोक काय म्हणतील. शिकवायला आणि परीक्षेला नेझू सर आले, मास्तरांचे कनिष्ठ. पहिल्या परीक्षेत डावीकडे वळायचं होतं. तेप्पेईने सवयीने गाडी आधी उजव्या कडेला नेली आणि मग झोकात आत घातली.

"अरे," नेझू सर दाराला धरून म्हणाले, "डावीकडे जायचंय तर उजवीकडे कशाला निघालास? कुणाला भेटायचं होतं का?"

"सर, असं केलं की वळण मोठं मिळतं."

"मोठं वळण घेऊन करणार काय? पुढे पोस्ट ऑफिस आहे!"

नापास. दुसऱ्या वेळी तेप्पेईने इतका धसका घेतला की चाळिसाच्या रस्त्यावर तेविसाने गेला. मागे नऊ गाड्या तुंबल्या. त्यातली एक शववाहिका होती, तीही वैतागली. अख्ख्या शिझुओका प्रांतातला सगळ्यात वेगवान पोरगा संथपणाबद्दल नापास झाला.

गावाला हे तासाभरात कळलं आणि अर्थातच कुणीही त्याच्यापाशी चकार शब्द काढला नाही. ओकी न्हाव्याने केस कापताना डोकं दुप्पट वेळ चोळून दिलं. हात्सुएआजीने एकाच्या जागी दोन तोफू पिशवीत घातले आणि हवेबद्दल बोलत राहिली. तेप्पेईला ते दोन तोफू घरी नेताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणी तोंडावर "गधड्या" म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

तिसरी परीक्षा मंगळवारी. ही हुकली तर पुन्हा तास घ्या, पुन्हा नंबर लावा. शुक्रवार गेलाच म्हणायचा. आणि सोमवारी नेमके नेझू सर आडवे झाले. मार्चमधल्या सुगी नावाच्या झाडांच्या परागांनी त्यांचे डोळे बटाट्याएवढे सुजले होते. दर वाक्याला तीन शिंका. दुसरे परीक्षक नुमाझुच्या शाखेत अडकलेले. मुख्याध्यापकांनी मास्तरांना बोलावलं.

"मी? छे, छे. माझा मुलगा आहे तो."

"म्हणूनच तर. तुम्ही पक्षपात करणार नाही हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

या वाक्याने मास्तरांना खुर्चीला बांधून टाकलं. एखाद्याचा गळा आवळायचा तर त्याची स्तुती करावी, ती मुख्याध्यापकांनी मनापासून केली.

मंगळवारी सकाळी न्याहारीला मिसाको, तेप्पेईची आई, नवऱ्यापुढे भात ठेवत म्हणाली, "आज जरा माणसासारखं वागा."

"मी आज परीक्षक आहे."

"तेच सांगतेय मी."

इकडे पाठीराखे मंडळाने आदल्या दिवशी ठराव केला होता. परीक्षेचा रस्ता सगळ्यांना पाठ, तिथेच सगळे कधी ना कधी नापास झालेले. तेव्हा दहा ते अकरा त्या रस्त्यावर कुणी फिरकायचं नाही. कुत्री घरात, सायकली आत. पोराच्या वाटेत एक मांजरही येता कामा नये. आणि खरोखर, दहा वाजता ती गल्ली अशी ओस पडली की मास्तरांना क्षणभर वाटलं, भूकंपाचा इशारा आपण ऐकलाच नाही की काय.

तेप्पेई झकास चालवत होता. खांदा वळवून मागे बघत होता, डाव्या वळणाआधी डावीकडेच राहत होता, चाळिसाच्या रस्त्यावर अडतीस. मागच्या सीटवर पुढची उमेदवार बसली होती, ओकी न्हाव्याची सून आयुमी. परीक्षकाने परीक्षार्थ्याला गुपचूप काही सांगू नये म्हणून साक्षीला एकाला मागे बसवतात. मास्तरांच्या मांडीवरच्या कागदावर अजून एकही गुण कापलेला नव्हता. तेप्पेईने ते तिरक्या डोळ्याने पाहिलं. फक्त सात मिनिटं उरली होती.

तेवढ्यात झेब्रा क्रॉसिंगच्या कडेला हात्सुएआजी दिसली. ती बिचारी घराबाहेर पडली होती ती कुणी घराबाहेर पडलं नाही ना, हे बघायला.

तेप्पेई रेघेच्या आत थांबला. अगदी पुस्तकासारखा. आजीने त्याला ओळखलं आणि तिचा चेहरा पडला. ती वाकली, हाताने म्हणाली: जा बाबा, तू जा. तेप्पेई वाकला: आजी, आधी तुम्ही. आजी एक पाऊल मागे सरकून आणखी खाली वाकली. तेप्पेईने कपाळ स्टिअरिंगला टेकवलं. मागे दुधाची गाडी येऊन उभी राहिली; तिचा ड्रायव्हरही वाकला, कुणाला ते त्यालाच माहीत. चौथ्या खेपेला आजीने नामी युक्ती काढली. तिने रस्त्याकडे चक्क पाठ फिरवली आणि कुंपणाच्या झाडाची पानं निरखू लागली, म्हणजे मला पलीकडे जायचंच नाहीये मुळी, मी झाड बघतेय.

थांबून राहावं तर आजीचा मान मोडतो, तिने एवढी पाठ फिरवली आहे. जावं तर कायदा. तेप्पेईने सेकंदभर विचार केला आणि ब्रेकवरचा पाय हलका केला. गाडी वीतभर सरकली असेल. नेमकी त्याच वेळी, पोरगा गेला का हे बघायला आजी वळली आणि सवयीने वाकण्यासाठी एक पाऊल पुढे आली.

मास्तरांचा पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर पडला.

गाडी कच्चकन थांबली. परीक्षकाने ब्रेक दाबला की परीक्षा संपते, हे त्या रस्त्यावर सगळ्यांना माहीत. आजीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मास्तर समोर बघत म्हणाले, "पादचाऱ्याला अडथळा. मागे बसा."

'बसा' म्हणाले. तेप्पेई उतरला, आजीसमोर वाकला, आणि मागे जाऊन बसला.

आता आयुमी चाकावर आणि तेप्पेई साक्षीला. दोन गल्ल्या पुढे, दुसऱ्या क्रॉसिंगवर पोस्टमन उभा होता. त्याला ठरावातून सूट होती, टपाल थोडंच थांबणार. आयुमीला बघून त्याने पत्रांचा गठ्ठा हलवला: जा, जा. आयुमीने मान डोलावली आणि त्याच्या नाकासमोरून सरळ निघून गेली. वीतभर नाही, आख्खं क्रॉसिंग ओलांडून. तेप्पेईचे डोळे मास्तरांच्या बुटावर खिळले होते. बूट हलला नाही.

"पुढच्या वेळी जरा थांबत जा हं," मास्तर मऊ आवाजात म्हणाले. आयुमी पास झाली. गाडीतून उतरताना ती तेप्पेईकडे बघूच शकली नाही, बिचारी.

कचेरीत येऊन मास्तरांनी उदागावांना स्वतः फोन लावला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर तीन वेळा वाकले. "माझा मुलगा अजून तयार नव्हता. आपला वेळ फुकट घालवला, क्षमा असावी." पलीकडून उदागावा म्हणाले, "असा सरळ बाप मी पाहिला नाही. मुलगा नक्की भला माणूस होणार." आणि जागा नागोयाच्या पोराला दिली.

मास्तरांनी रिसीव्हर ठेवला. तेप्पेई दारात उभा होता. कार्टच्या त्या आरशाखेरीज अठरा वर्षांत त्याने बापाला उलट विचारलं नव्हतं.

"आयुमी तर सरळ निघून गेली. तिला पास केलंत."

"हो."

"मी वीतभर हललो."

"हो." मास्तरांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. मग लगेच पुन्हा उचलली. "परक्याचा मुलगा असतास तर मी पाय हलवला नसता."

ते हे अभिमानाने म्हणाले की शरमेने, तेप्पेईला कळलं नाही. मास्तरांनाही कळलं असेल असं वाटत नाही. पोराने पायांच्या टाचा जुळवल्या आणि परीक्षार्थी वाकतात तसा कमरेतून वाकला.

"परीक्षा घेतल्याबद्दल आभारी आहे, मास्तर."

त्या संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "मास्तर, मिसोचं सूप घ्या." मिसाकोने नवऱ्याकडे पाहिलं. मास्तरांनी वाडगं पुढे केलं. दुसऱ्या दिवशीही तो मास्तरच म्हणाला, आणि पुढल्या आठवड्यात चौथ्या खेपेला पास होऊन परवाना हातात पडला तेव्हाही.