नऊ बांध्यांची गोधडी

मी ब्लाउज शिवणारी बाई. हातात फूटपट्टी आणि खडू असला की माझ्यापुढे जगातलं काहीच वाकडं राहत नाही, असा मला फार गर्व होता. माझ्या सासूनं तो एका दुपारी उतरवला.

आमचं शेत नदीकाठी होतं, धानाचं. धरणाचं पाणी चढलं आणि शेत, घर सगळं त्याच्या खाली गेलं. आम्ही पवनीजवळच्या पुनर्वसनाच्या कॉलनीत आलो. शेताचा एक फोटो म्हणून नाही आमच्याकडे. तलाठ्याकडच्या नकाशात बाहेरची हद्द असते, आतल्या बांध्या, म्हणजे धानाचे छोटे तुकडे, कोण काढतो? नऊ बांध्या होत्या. कोणती कुठे वळते, कुठला धुरा, म्हणजे मधला बांध, कुठे मिळतो, हे पक्कं ठाऊक फक्त सासूला, कारण चाळीसेक वर्षं तिनं तिथं रोवणी, म्हणजे धानाची लावणी, केली. आणि सासू आता विसरायला लागली होती. भात खाऊन तासभर झाला नाही तोच विचारायची, "आज जेवाले नाई का वं?" मला वाटायचं, म्हातारी विसरली की शेत दुसऱ्यांदा बुडणार, आणि या वेळी कायमचं.

मोबाइलवर बायकांना भिंतीवर लावायच्या गोधड्या करताना पाहिलं होतं. पांघरायच्या नाहीत, बघायच्या. म्हटलं, आपण आपलं शेतच शिवून काढू.

नवरा वरठीला पोलादाच्या कारखान्यात कामाला आहे, रविवारी मोटरसायकलने घरी येतो. त्याला सांगितलं तर ताटावरून मानही वर केली नाही. "कायले त्या बुडालेल्या शेताचं काढून राहिली? गेलं ते गेलं." पाणी चढल्यापासून हा माणूस नदीच्या त्या बाजूला फिरकलेला नाही. शेताचं नाव निघालं की उठून जातो. मी म्हटलं, जाऊ दे, याला कोण विचारतं.

पेटीतून सासूची जुनी लुगडी काढली. मी झोकात नऊ चौकोन कापले, कडा अशा सरळ की बघत राहावं, आणि मांडून सासूला बोलावलं. तिनं कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "हे शेत होय? हे तं कॉलनीचे प्लॉट पाडले तुनं!"

बघायला आलेली शेजारीण खिदळली. माझं डोकंच फिरलं. "मंग तुमीच सांगा ना!" म्हणत मी कागद-पेन्सिल तिच्यापुढे आपटली. तिनं कागद इकडून तिकडून फिरवला, उलटा धरला आणि परत दिला. "कागदावर मले काय समजते बाई?" मी खडू फेकला आणि दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. आज लाज वाटते, पण तेव्हा बोलले नाही हे खरं.

तिसऱ्या दिवशी गोधडीचा खालचा थर म्हणून जुनी धोतरं जोडून समोरच्या खोलीत अंथरली. खोली भरून गेली. सासू बाहेर जायला उठली, कापडाच्या कडेशी थबकली. तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोवलं. कापडाकडे पाठ केली, वाकली, डाव्या हातात नसलेली पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची, जुडी धरली, उजव्या हातानं एकेक रोप कापडात खोचायला लागली आणि मागे सरकायला लागली.

मी सुई तोंडात धरून बघतच राहिले. अगं माय! रोवणी करणारी बाई सगळं शेत मागे सरत सरत पार करते. या बाईनं आपलं शेत वरून कधी पाहिलंच नव्हतं, ते तिच्या टाचांना ठाऊक होतं.

"इथं खोल हाय, पाय फसते," ती पुटपुटत होती. "इथून वाकडं चाल, इकडं मोहाचं झाड हाय." टाच अडली की धुरा. जिथे टाच थांबेल तिथे मी खडू ओढायचा, असं आमचं काम सुरू झालं. गुडघे दुखायचे तिचे, दिवसाला एक नाही तर दोन बांध्या व्हायच्या. अशा पाच झाल्या.

सहावी मात्र जमेना. तीनदा ती तीन वेगळ्या जागी थांबली. तिसऱ्यांदा खालीच बसली आणि रडायला लागली. "गेलं वं माह्यं. आठवत नाई." मीही रडले. मला वाटलं, संपलं, उशीर झाला आपल्याला. मग कशी कोण जाणे, मनात आलं की रोवणी काय एकटीनं करतात? ओळ असते बायांची. मी पदर खोचला, तिच्या शेजारी वाकून उभी राहिले आणि शेजारणीलाही ओढून आणलं. तिघी एका ओळीत मागे सरकायला लागलो. सासू आपली पुढच्याच घटकेला माझ्यावर खेकसली, "इतके दाट कायले लावून राहिली? हात चालव!" आणि सहावी बांधी झाली. सातवी, आठवी, नववीसुद्धा.

रंग तिनंच निवडले. मी हिरवा, हिरवा करत होते. ती म्हणाली, रोवल्यावर धान आधी पिवळं पडते, मंग हिरवं होते. म्हणून शेवटी रोवायच्या दोन बांध्या पिवळसर लुगड्याच्या, पहिल्या गर्द हिरव्या. धुऱ्यांना लुगड्यांचे मातकट काठ दुमडून लावले. मी धावदोरा घातला, एकेक टाका म्हणजे एकेक रोप, अंतर तिच्या बोटांच्या मापानं. मी एवढ्या नवरींचे ब्लाउज शिवले, पण रंगाची अशी नजर मी कुठे पाहिली नाही. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई कलाकार आहे, आणि हे मला इतक्या वर्षांत कळलं नाही. धन्य माझी!

रविवारी शेवटची किनार घालायला गोधडी खोलीभर पसरली होती. नवरा आला. पाणी प्यायला त्याला स्वयंपाकघरात जायचं होतं आणि वाट गोधडीवरून. पाय ठेवाल तर याद राखा, असं मी ओरडणारच होते. पण तो दारातच थांबून गोधडीकडे बघत होता.

मग त्यानं चपला काढल्या. काठाच्या पट्टीवर पाऊल ठेवलं, त्याच्यापुढे दुसरं. हात थोडे पसरून, तोल सांभाळत तो धुऱ्याधुऱ्यानं चालत गेला. एका रोपावर पाय पडू दिला नाही. सातव्या बांधीच्या कोपऱ्यावर तो उकिडवा बसला आणि अंगठ्यानं पट्टी दाबली, चिखल दाबतात तशी.

"इथं धुरा दरसाल फुटत होता," तो म्हणाला. "दोन टाके जास्ती मार."

मी सुईत दोरा ओवला.