पिस्टनच्या वाटीतला धूर

वाटूरला आमची पिठाची गिरणी होती आणि ती माय चालवायची. वडील गेल्यावर तिनं हँडल मारून डिझेल इंजन सुरू करायला शिकून घेतलं. वीज असली की मोटार, गेली की इंजन. धूर बाहेर जायला भिंतीतून नळी काढलेली होती, पण वारा फिरला की सगळा धूर आत यायचा. माय नाकाला पदर बांधायची आणि दळत राहायची.

पुढं मी शिकून पुण्यात इंजिनं बनवणाऱ्या कंपनीत लागले. पिस्टनच्या डोक्यावर एक खोलगट वाटी असते, त्यात डिझेल जळतं. त्या वाटीचा आकार बदलायचा, डिझेलच्या फवाऱ्याचा कोन बदलायचा आणि काजळी कुठं, किती धरते ते संगणकावर बघायचं, हे माझं काम. काजळी कमी केली की धुरातला विषारी वायू वाढायचा. मग परत पहिल्यापासून.

त्याच काळात मायला धाप लागायला लागली. जालन्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो दिव्यासमोर धरला. फुप्फुसं फार खराब झालीत, म्हणाले.

"इंजिनाच्या धुरानं?" मी विचारलं.

"धूर असेल, पीठ असेल, चूल असेल. आता वेगळं कसं सांगणार?"

पडद्यावर मला काजळीचा कण न् कण वेगळा दाखवता यायचा. मायच्या फोटोत धूर कुठला, पीठ कुठलं, ते मलाही दिसेना.

दिवाळीत मी तिला लॅपटॉपवर माझं काम दाखवलं. नाकाला ऑक्सिजनची नळी लावून ती पलंगावर टेकून बसली होती. निळ्या वाटीत लाल ढग फिरत होता.

"हे लाल काय म्हनायचं?"

"काजळी, माय. पहिले लई होती. आता बघ, किती कमी झाली."

तिनं पडद्यावर बोट टेकवलं. "मंग आपल्या इंजनाला बसंल का हे?"

"न्हाई. त्याची घडणच जुनी हाय. नव्या इंजनालाच बसतं."

"बसू दे," ती म्हणाली. दम घेतला. "कोन्हाच्या तरी नाकात कमी जाईल."

थंडी सरायच्या आत ती गेली.

त्यानंतर आमचं इंजिन खरोखरचं बनून चाचणीला लागलं. धूर गाळून घेणारा पांढरा कागद यंत्रातून बाहेर आला, तो जेमतेम राखाडी झाला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, "घरी कळवलंस का?"

बाहेर येऊन मी धाकट्या भावाला फोन लावला; माय आजारी पडल्यापासून गिरणी तोच चालवायचा. तो गिरणीतच होता. मी बातमी सांगितली तशी त्यानं मोटार बंद केली.

"बरं झालं, ताई," तो म्हणाला.

 फोन दोघांनीही ठेवला नाही.