झिजलेल्या चमच्याची कड

गल्लीच्या तोंडाशी बूट दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्यात बसणाऱ्या गृहस्थांना सगळे टाचकाका म्हणत. जोडा हातात आला की ते आधी तो उलटा करत. टाच कुठल्या बाजूनं झिजलीय ते बघत आणि लगेच विचारत, "पिशवी कायम डाव्या खांद्यावर ना?" किंवा "गुडघा कधीपासून दुखतोय?" विचारल्याशिवाय त्यांना चैनच पडत नसे. एकदा एका वकीलबाईंनी सुनावलं होतं, "जोडा शिवा, माझं चरित्र नको." काकांनी जोडा शिवला, पण गुडघ्याचं विचारलंच.

दुकानाच्या वर दोन खोल्या होत्या. तिथे काका आणि त्यांची थोरली बहीण राहत. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. ताईनं शर्टांच्या कारखान्यात तीस वर्षं कॉलरांना इस्त्री केली. साडेसहाला ती घरी यायची, पिशवी खुंटीला अडकवायची आणि सातच्या ठोक्याला ताटलीत पांढऱ्या घेवड्याचं दाट कालवण हजर. त्यात सॉसेजचे तुकडे, मूठभर पालक, सोबत पाव. अर्ध्या तासात ते एवढं दाट कसं होतं, हा प्रश्न काकांना कधी पडला नाही. आयतं मिळत होतं, ते खात होते.

महिन्यापूर्वी ताईला झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, बोलणं जवळजवळ बंद झालं. इस्पितळातून आली तेव्हा थोडंफार खायची. पुढे पुढे काकांनी चमचा तोंडाशी नेऊन "आ कर" म्हटलं की दात आवळून घ्यायला लागली. शुक्रवारी घरी येणाऱ्या नर्सबाईंनी तिचं वजन पाहिलं आणि काकांना जिन्यात गाठलं.

"गिळायला त्यांना नीट येतंय, काका. तोंडच उघडत नाहीत. सोमवारपर्यंत हे असंच राहिलं, तर नाकातून नळी घालावी लागेल."

काकांचा जीव टांगणीला लागला. सूप झालं होतं, दूध-पाव झाला होता, कुस्करलेलं केळं झालं होतं. राहिलं होतं ते तिचं स्वतःचं कालवण.

शनिवारी त्यांनी ते करून पाहिलं. कांदा-लसूण परतला, सॉसेजचे बारीक तुकडे लाल केले, टोमॅटो टाकला, डब्यातला शिजलेला पांढरा घेवडा ओतला, पाणी घातलं, शेवटी पालक. घेवडा एकीकडे आणि पाणी एकीकडे, असा प्रकार झाला. ताईनं वाडग्याकडे एकदा पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. तिचंही बरोबरच होतं.

रविवारी दुपारी काका पुन्हा ओट्यापाशी उभे राहिले. ताईचा जुना लाकडी चमचा त्यांनी हातात घेतला आणि सवयीनं उलटा केला. त्याची एक कड तिरपी, सपाट झिजली होती. नुसतं ढवळून लाकूड असं झिजत नाही. हे कशावर तरी दाबून घासलं गेलंय. भांड्यात दाबायला असतं काय? भांड्याची भिंत, आणि मध्ये सापडला तर घेवडा.

त्यांनी मूठभर घेवडा भांड्याच्या भिंतीवर चिरडला. बघता बघता रस्सा दाटला. पण एक गोष्ट त्यांना खटकली. चमचा उजव्या हातात असताना झिजलेली कड भिंतीवर बसतच नव्हती, उलट्या बाजूला राहत होती. त्यांनी चमचा फिरवला, मनगट वाकडं केलं. शेवटी डाव्या हातात धरला, तशी कड भिंतीला चपखल चिकटली.

काकांनी गॅस बंद केला. ताई लिहायची उजव्या हातानं, जेवायची उजव्या हातानं, इस्त्रीही उजव्याच हातानं. मग त्यांना लहानपणचं आठवलं. ताई शाळेतून यायची तेव्हा तिच्या डाव्या हाताची बोटं सुजलेली असत. बडबड केली म्हणून मास्तरांनी मारलं असेल, असं त्यांना वाटायचं. मार होता तो त्या हातानं लिहिलं म्हणून. फक्त चुलीपाशी, सगळ्यांकडे पाठ करून उभी असताना, तिनं आपला खरा हात वापरला होता. आणि घरात ताकास तूर लागू दिली नव्हती.

ते वाडगा घेऊन आत गेले. या वेळी "आ कर" म्हणाले नाहीत. ताईच्या पाठीशी उशी लावली, वाडगा तिच्या पुढ्यातल्या पाटावर ठेवला आणि त्याच्या डाव्या बाजूला छोटा चमचा. ताईनं डावा हात पांघरुणात ओढून घेतला.

"दार लावलंय," काका म्हणाले. "मीही बघत नाही."

ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. समोरच्या गच्चीवर कोणीतरी सतरंजी झटकत होतं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग वाडग्याच्या काठावर चमचा वाजला. पुन्हा वाजला. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलं नाही, कारण हात हलवला तर ती थांबेल अशी भीती वाटली.

आवाज थांबल्यावर ते वळले. वाडग्याचा तळ दिसत होता. शेवटचा दाणा ताई चमच्यानं वाडग्याच्या भिंतीवर दाबत होती.

"तू डावखुरी आहेस, हे मला कधी सांगितलं नाहीस, ताई."

ताईनं दाणा खाल्ला. मग एकेक अक्षर जुळवत ती म्हणाली, "वि...चारलंस... कधी?"

अख्ख्या गल्लीच्या गुडघ्यांची चौकशी करणारे टाचकाका स्टूल ओढून तिच्या डाव्या बाजूला बसले.

"आता विचारतो," ते म्हणाले.

ताईनं डाव्या हातानं रिकामा वाडगा त्यांच्याकडे सरकवला.