थोरलीच्या कानातलं चंदन

अनिरुद्धराव वीज मंडळातून निवृत्त झाले आणि तंजावुरातल्या घरी पूर्णवेळ बंदुका पुसू लागले. बंदुका तीन. एकीचा चाप गळालेला, दुसरीचा दस्ता वाळवीनं खाल्लेला. तिसरी मात्र चालू, ठासणीची, तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीनं उडणारी. तिला ते 'थोरली' म्हणत. दर दसऱ्याला तिरुवैयारूच्या नारळीच्या बागेत, कावेरीकडे तोंड करून, थोरलीचा एक बार काढत. गोळी नाही, नुसती दारू. बगळे उडत. मग घरी येऊन इडली.

परवाना वडिलांच्या नावावर होता. वडील गेले, तेव्हा इन्स्पेक्टर सुब्रमण्यम तपासणीला येणार असं कळलं. त्यांनी फोनवरच सांगितलं, "चालत असेल तर ठाण्यात जमा. चालत नसेल तर शोभेची वस्तू, भिंतीला लावा."

"चालत नाही म्हणून सांगा की," पत्नी कनकलता म्हणाल्या.

"अगे, ती चालते!"

"म्हणूनच म्हणते हो."

"आजोबांच्या आजोबांची बंदूक, आणि मी तिला मेली म्हणू?"

कनकलता चंदन उगाळायला गेल्या. आयुधपूजा होती. त्यांनी मिक्सरला, मोपेडला, शिवणयंत्राला आणि तिन्ही बंदुकांना चंदन-कुंकू लावलं.

पूजेनंतर सुब्रमण्यम बागेत आले. अनिरुद्धरावांनी दारू ओतली, चिंधी घातली, गजानं ठासली. नळीच्या बाजूला असलेल्या पेल्यात रंजक, म्हणजे बारीक दारू, टाकली. तोडा पेटवला, चाप ओढला.

फुस्स.

रंजक जळली. बार झाला नाही. बगळे जागेवरच.

"पुन्हा," अनिरुद्धराव म्हणाले.

फुस्स.

"सार," सुब्रमण्यम हळू आवाजात म्हणाले, "वय झालंय."

"कोणाचं?"

"दोघांचंही नको धरू या. बंदुकीचं लिहितो."

अनिरुद्धरावांनी नळीत पाणी ओतलं, भिजलेली दारू गजाच्या स्क्रूनं उपसली. थोरली मोपेडवर बांधून आणली. घरी चष्मा लावून थोरलीचा कान पाहिला. रंजकाची आग ज्या बारीक भोकातून आत जाते, तो कान चंदनानं गच्च बुजला होता, सिमेंटसारखा.

"कनकलता! कानात कोणी लावलं?"

"कपाळावर लावलं."

"बंदुकीला कपाळ कोठें असतं?"

"मला काय ठाऊक हो? मोपेडलासुद्धा लावलं. मोपेड चालली ना?"

अनिरुद्धरावांनी नारळाच्या झापातला हीर काढला. कानाशी नेला. टोकानं एकदा खरवडलं, तर 'चालत असेल तर ठाण्यात जमा' आठवलं. हीर खाली ठेवला. मग स्टुलावर चढून थोरली भिंतीला लावली.

पुढच्या आयुधपूजेला कनकलता चंदनाची वाटी घेऊन आल्या, तर हे आधीच स्टुलावर.

"वाटी दे. तुला जागा ठाऊक नाही."

बोटानं त्यांनी कानातच लावलं. वर कुंकू.

खालून कनकलता म्हणाल्या, "थोडं दाबून लावा. मागल्या वर्षीचं वाळून चीर पडली आहे."